मानसोपचाराच्या डॉक्टरांना खुलं पत्र : लाल रकान्यातल्या गोळीबद्दल

महाराष्ट्रातल्या समस्त मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढं कुणी "तुम्हाला काय कळतंय" म्हणायला नको. डी.फार्म. झालेला मेडिकलवाला आहे. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात २२ वर्षं काउंटरला उभा आहे, तुमच्या चिठ्ठ्या वाचून वाचून डोळ्याला नंबर लागला, आणि डोक्याच्या गोळ्या (हो, इकडं सगळे डोक्याच्याच गोळ्या म्हणतात, मीपण तेच म्हणतो) न्यायला येणारी माणसं मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा बघतो. तुमच्याकडं ती महिन्याला येतात, नाहीतर तीन महिन्याला. माझ्याकडं दर आठ दिवसाला, कारण अख्खी स्ट्रिप घ्यायला पैसे नसतात, मग कात्रीनं कापून सात गोळ्या द्यायच्या आणि मागं एक्सपायरी डेट राहील अशा बाजूनं कापायची, एवढीच आमची कला.

पत्र लिहायचं कारण माझी ताई, आणि जीन बघून औषध ठरवायची तिची टेस्ट.

ताईला २०१९ पासून डिप्रेशनचं औषध चालू आहे. तेव्हा जिल्ह्याच्या गावाला एक वयस्कर डॉक्टर होते, त्यांनी एस्सिटॅलोप्राम १० लिहून दिली. नेहमीचाच डोस आहे, मी रोज देतो. पण ताईला आठ दिवस नुसती मळमळ, हात कापायचे, रात्र रात्र डोळा नाही. डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणले निम्मी करा आणि पंधरा दिवसांनी सांगा. ५ वर आणली आणि दीड-दोन महिन्यात ताई पहिल्यासारखी झाली, म्हणजे भावोजींशी भांडायला लागली, आमच्या घरात ते बरं झाल्याचं लक्षण. मग चार वर्षं काही नाही. १० ची गोळी मधोमध मोडायची, सकाळी नाश्ता झाला की घ्यायची, विषय संपला.

पुढं त्या डॉक्टरांनी वयामुळं प्रॅक्टिस बंद केली. भावोजी ताईला घेऊन मोठ्या शहरात मोठ्या हॉस्पिटलात गेले, म्हणले एकदाचं चांगल्या ठिकाणी दाखवू. तिथं पहिल्याच भेटीत सांगितलं की आता जमाना बदललाय, कुठलं औषध तुमच्या बॉडीला सूट होतं ते जीनवरून कळतं, पॅनेल करून घ्या, म्हणजे एकदम बऱ्याच जीनची टेस्ट. १८ हजार रुपये. एका काडीनं गालाच्या आतून पुसून घेतलं, सॅम्पल कुरिअरनं गेलं, आणि अठरा दिवसांनी २६ पानांची पीडीएफ भावोजींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडली. डॉक्टरांची पुढची तारीख त्यानंतर बारा दिवसांनी.

आता बघा, २६ पानं, सगळं इंग्रजी, भावोजी दहावी. त्यांना समजलं ते एकच, रंग. हिरवा रकाना, पिवळा रकाना, लाल रकाना. आणि लाल रकान्यात ताईची गोळी. फवारणीच्या डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य, हे शेतकऱ्याला शिकवायला लागत नाही, पूर्ण हयात तेच बघण्यात गेलेली असते. भावोजींनी त्याच रात्री गोळी बंद केली. मला विचारलंसुद्धा नाही, उलट चार दिवसांनी फोन करून माझ्यावरच गरम झाले की चार वर्षं तू माझ्या बायकोला लाल रकान्यातली गोळी खायला देत होतास.

बारा दिवसांनी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, हिरव्या रकान्यातली दुसरी गोळी सुरू केली. ती काही ताईला मानवली नाही. दिवाळीला ताईच्या घरी गेलो तर डबे रिकामे, ताई भिंतीकडं तोंड करून झोपलेली, आणि माझी भाची यूट्यूब बघून चिवडा करत होती. मी परत येताना ती २६ पानं घेऊन आलो.

रात्री दुकान बंद करून वाचत बसलो. नवव्या पानावर बारीक अक्षरात होतं. सीवायपी२सी१९ नावाच्या जीनच्या दोन्ही प्रती ताईच्या मंद निघाल्या होत्या, पुअर मेटाबोलायझर, म्हणजे शरीर ते औषध हळू संपवतं. आणि त्याच्याखाली सल्ला असा की हे औषध नव्यानं सुरू करायचं असेल तर दुसरं बघा, नाहीतर कमी डोसनं सुरू करून हळूहळू वाढवा आणि नेहमीच्या डोसच्या साधारण निम्म्यावर ठेवा.

निम्म्यावर! ताई चार वर्षं निम्म्यावरच होती ना. १८ हजार घालून आम्हाला जे सांगितलं ते त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी फोनवर दोन मिनिटात सांगितलं होतं, आणि ताईच्या जुन्या फाईलवर पेन्सिलनं लिहूनपण ठेवलं होतं, "१० सोसत नाही, ५ पुरे". ती फाईल नवीन हॉस्पिटलात कुणी मागितलीच नाही. नवीन केसपेपर काढला, नवीन फाईल केली.

तर माझं म्हणणं असं नाही की टेस्ट खोटी आहे. उलट विज्ञान बरोबर होतं, आणि म्हणून तर जास्त राग येतो. आमच्याकडं साखर कारखाने आहेत म्हणून त्याच भाषेत सांगतो, लिव्हरमधले हे एन्झाइम म्हणजे कारखान्याचं गाळप. एखाद्याचं गाळप कमी असलं की ऊस तेवढाच आला तरी बाहेर गाड्यांची लाईन लागते, तसं औषध रक्तात साचतं आणि साईड इफेक्ट येतात. एखाद्याचं गाळप फार जोरात, त्याला औषध पुरतच नाही. जीन टेस्ट सांगते ती गाळपाची क्षमता. पण गाळप किती यावरनं साखरेला भाव काय मिळणार ते कळतं का? नाही कळत. तसंच औषध रक्तात किती राहील याचा अंदाज वेगळा आणि त्या औषधानं माणसाचं मन उभारी धरेल का हा प्रश्न वेगळा. रिपोर्ट विकणारे पहिली गोष्ट मोजतात आणि दुसरी मोजल्यासारखं बोलतात.

आणि आपल्या लोकांत हा मंद प्रकार कमी नाही बरं का. युरोपातल्या गोऱ्या लोकांत शंभरात दोन-तीन माणसं या जीनमध्ये पूर्ण मंद असतात, आपल्याकडं साधारण दहातला एक. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०१२ मध्येच सांगून ठेवलंय की असा माणूस असेल तर सिटॅलोप्राम, ताईच्या गोळीची सख्खी बहीण, दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नको, हृदयाच्या ठोक्याला धोका आहे. सीपीआयसी नावाचा जो तज्ज्ञांचा गट आहे, जीन बघून डोस कसा ठरवायचा त्याचे नियम काढतो तो, त्यांनी ताईच्या गोळीसारख्या डिप्रेशनच्या गोळ्यांसाठी २०१५ ला नियम काढले आणि २०२३ ला सुधारले. त्याच २०२३ च्या कागदात त्यांनी सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित जे दोन जीन आहेत, एसएलसी६ए४ आणि एचटीआर२ए, त्यांच्याबद्दल म्हणलंय की पुरावा पुरेसा नाही, त्यावरनं औषध ठरवायची शिफारस आम्ही करत नाही. ताईच्या रिपोर्टात त्या दोन जीनना अख्खं पान दिलं होतं, मेंदूच्या रंगीत चित्रासकट.

मग हिरवी गोळी दिल्यानं माणसं जास्त बरी होतात का, हे मोठ्या प्रमाणावर तपासलंय की. अमेरिकेत ११६७ डिप्रेशनच्या पेशंटवर अभ्यास झाला, टेस्ट करणाऱ्या कंपनीच्याच पैशानं, २०१९ ला छापून आला. आठ आठवड्यांनी लक्षणं किती कमी झाली हा त्यांचा मुख्य प्रश्न होता, तर टेस्टवाल्यांची २७.२ टक्के आणि बिनटेस्टवाल्यांची २४.४ टक्के कमी झाली, म्हणजे ठामपणे फरक म्हणावा असं काही निघालं नाही. पूर्ण बरं होण्यात थोडा फायदा दिसला, १५.३ विरुद्ध १०.१ टक्के, तेवढाच आकडा मग माहितीपत्रकावर मोठा करून छापायचा. नंतर २०२२ ला तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत १९४४ लोकांवर अभ्यास झाला, सहा महिन्यांनी पूर्ण बरे झालेले टेस्टवाल्यांत १७.२ टक्के, बिनटेस्टवाल्यांत १६. मधल्या काळात बारीक फायदा होता, शेवटाला पुसला गेला. एफडीएनं तर २०१८ च्या नोव्हेंबरमध्येच डॉक्टर आणि पेशंट दोघांना बजावलं होतं की कुठलं डिप्रेशनचं औषध लागू पडेल ते आम्ही सांगतो असं म्हणणाऱ्या बऱ्याच टेस्टना आधार नाही आणि रिपोर्ट बघून आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका. भावोजींनी जे केलं तेच.

दुसरी बाजूपण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. युरोपातल्या सात देशांत जवळजवळ सात हजार लोकांची १२ जीनची टेस्ट करून औषधं दिली, सगळ्या आजारांची मिळून, नुसती मनाची नाही, आणि २०२३ ला आलेल्या निकालात साईड इफेक्ट साधारण ३० टक्क्यांनी कमी निघाले. त्यात कुणाची टेस्ट झालीय हे पेशंटला आणि डॉक्टरला माहीत होतं म्हणून लोक शंका काढतात, ते असू दे. मला त्यातनं एवढंच कळतं की ही टेस्ट त्रास टाळायला कामाची आहे. रामबाण गोळी शोधून द्यायला नाही. ताईच्या बाबतीत कुणी एवढं एक वाक्य मराठीत बोललं असतं तर दिवाळी तशी गेली नसती.

आता दुसरी गोष्ट, आणि ही सांगायला मला जड जातंय.

२०१८ चा पावसाळा. गावातला एक पोरगा, बावीस-तेवीस वर्षांचा, फार बडबड, झोप नाही, उधळपट्टी, म्हणून त्याला बाहेरगावच्या डॉक्टरांनी कार्बामॅझेपिन सुरू केली. स्ट्रिप माझ्याच दुकानातनं गेली. तेराव्या दिवशी रात्री साडेआठला मी शटर ओढत होतो तेव्हा त्याची आई आली, पोराला ताप आहे, डोळे आलेत, तोंडपण आलंय, काहीतरी द्या. तेव्हा गावात डोळ्यांची साथ चालू होती. मी पॅरासिटॅमॉल दिली, डोळ्यात घालायचे ड्रॉप दिले, तोंडाला लावायचं जेल दिलं, ५ रुपये सुट्टे नव्हते ते नंतर द्या म्हणलं आणि शटर लावलं. सध्या कुठली गोळी चालू आहे एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. उत्तर मला माहीत होतं हो, गोळी मीच दिली होती ना, पण साथीच्या गडबडीत डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोराच्या पाठीचं कातडं चादरीला चिकटून निघालं. स्टीव्हन्स-जॉन्सन, म्हणजे औषधाची कातडं सोलून काढणारी जीवघेणी रिअ‍ॅक्शन. भाजलेल्या लोकांच्या वॉर्डात ठेवलं होतं. जगला. पण डोळ्यातलं पाणी कायमचं आटलं, उन्हात डोळे उघडता येत नाहीत, दर दोन तासाला ड्रॉप घालावे लागतात. ते ड्रॉप तो अजून माझ्याच दुकानातनं नेतो. मी पैसे घेत नाही, तो काउंटरवर ठेवून जातो.

नंतर मी वाचत गेलो. तैवानच्या डॉक्टरांनी २००४ मध्येच शोधून काढलं होतं की कार्बामॅझेपिननं ज्यांचं कातडं असं गेलं त्या ४४ पेशंटपैकी ४४ जणांत एक विशिष्ट जीन होता, एचएलए-बी*१५:०२. शंभरातले शंभर! औषधाच्या दुनियेत एवढं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं. २००७ ला एफडीएनं या गोळीच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापायला लावला की आशियाई वंशाच्या माणसाला ही गोळी सुरू करायच्या आधी हा जीन तपासा. मग तैवानवाल्यांनी अजून पुढं जाऊन २३ दवाखान्यांत ४८७७ लोकांची आधी टेस्ट केली, ज्यांच्यात जीन सापडला, ७.७ टक्के, त्यांना दुसरं औषध दिलं. एरवी साधारण दहा जणांना ही रिअ‍ॅक्शन आली असती असा हिशोब होता. एकालाही आली नाही. हे २०११ ला छापून आलं. सिंगापूरमध्ये २०१३ पासून आशियाई माणसाला ही गोळी नव्यानं द्यायच्या आधी ही टेस्ट म्हणजे नेहमीची पद्धत झाली.

आपल्याकडं हा जीन तैवानएवढा नाही, त्या अमेरिकन माहितीपत्रकातच भारतासकट दक्षिण आशियाचा आकडा २ ते ४ टक्के दिलाय आणि काही समाजांत जास्त असं म्हणलंय. २००९ मध्ये भारतातल्याच डॉक्टरांनी असे ८ पेशंट तपासले तर ६ जणांत हा जीन सापडला. आठ म्हणजे फार नाहीत, मान्य आहे, आणि टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे बिनधास्त असंही नाही, दुसऱ्या जीननं किंवा बिनजीनचंही होऊ शकतं, म्हणून पहिले दोन-तीन महिने ताप, तोंड आणि डोळे यावर लक्ष ठेवायलाच लागतं. त्या पोरात तो जीन होता का नव्हता ते मला माहीत नाही. कुणी बघितलंच नाही, ना आधी ना नंतर.

पण मला सांगा, २२ वर्षांत या एका टेस्टचं माहितीपत्रक घेऊन माझ्या दुकानात किंवा शेजारच्या डॉक्टरांकडं कुणीही आलेलं नाही. आणि २६ पानी पॅनेलवाले गेल्या वर्षात तीनदा आले. एकजण तर मला म्हणला तुमच्याकडं डोक्याचे पेशंट भरपूर आहेत, मागच्या दाराला खुर्ची टाका, किट ठेवा, केसमागं तुमचं बघू. तुमचं बघू म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको, कट प्रॅक्टिस हा शब्द आपल्या महाराष्ट्रात शेंबड्या पोरालापण माहीत आहे. सगळे डॉक्टर असं करतात असं मी म्हणत नाही, माझे डोळे फुटतील खोटं बोललो तर, ज्यांच्या चिठ्ठीवर मी मान खाली घालून गोळी देतो असे कितीतरी आहेत. पण कार्बामॅझेपिन स्वस्त जुनी गोळी, तिच्यामागं कुणाचा धंदा नाही, एका जीनच्या टेस्टला रंगीत मेंदू छापता येत नाही, म्हणून जी टेस्ट कातडं वाचवते ती कुणी विकत नाही आणि जी हिरवा-लाल खेळ करते ती दारोदार फिरते, हे तुम्हाला खटकत नाही का?

बरं, ही टेस्ट करायची सोय नाही असंही नाही. किडनी बदलायच्या आधी एचएलए जुळवून बघतात, त्या लॅब आपल्या राज्यात आहेतच. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या चार सरकारी मनोरुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत नव्यानं कार्बामॅझेपिन लिहिताना ही एक टेस्ट फुकट व्हावी म्हणून तुम्ही लोकांनी, तुमच्या संघटनेनं, सरकारकडं मागणी लावून धरली तर ती ऐकली जाईल. मी मागितली तर मला म्हणतील तू मेडिकलवाला.

अजून एक राहिलं. रिपोर्टात नसलेल्या गोष्टी.

आमच्या गावात क्लोझापिन, ही स्किझोफ्रेनियाची गोळी, खाणारे तिघं आहेत. त्यातला एक बिडीवाला, दिवसाला दोन बंडल. बिडीच्या धुरानं लिव्हरमधलं सीवायपी१ए२ नावाचं एन्झाइम जोरात चालायला लागतं आणि क्लोझापिन लवकर उडून जातं. हा माणूस दवाखान्यात अ‍ॅडमिट झाला की बिडी बंद, मग तोच डोस अंगावर दीड-दोन पट बसतो, लाळ गळते, दिवसभर झोप. घरी आला की बिडी चालू, औषध कमी पडतं, परत त्रास. तीन वेळा हे चक्र झालं. चौथ्या वेळी मीच त्याच्या बायकोजवळ चिठ्ठी लिहून दिली, "रोज दोन बंडल बिडी, कृपया डोस बघावा". बरं, तंबाखू मळून खाणाऱ्याला हे लागू नाही, धूर लागतो, त्यामुळं नुसतं व्यसन आहे का एवढं विचारून भागत नाही, कशाचं ते विचारायला लागतं. १८ हजाराच्या रिपोर्टात बिडीचा रकाना नव्हता.

तसंच ओमेप्राझोल. आपल्याकडं कुठलीही चिठ्ठी अ‍ॅसिडिटीच्या गोळीशिवाय पूर्ण होत नाही, आणि लोक बिनचिठ्ठीचं तर चण्या-फुटाण्यासारखं नेतात. हीच ओमेप्राझोल ताईच्या त्या सीवायपी२सी१९ ला दाबते. म्हणजे जन्मानं ज्याचं गाळप चांगलं तो माणूससुद्धा रोज ओमेप्राझोल खाऊन ताईसारखा मंद होऊ शकतो, रिपोर्ट हिरवाच राहणार. तीच गत पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिनची, त्या दुसऱ्या एका जीनच्या, सीवायपी२डी६ च्या, एन्झाइमला असं दाबून ठेवतात की नॉर्मल माणूस पुअर मेटाबोलायझरसारखा वागायला लागतो. जीन जन्मापासून मरेपर्यंत तोच, पण माणूस काय काय खातो-पितो ते दर महिन्याला बदलतं, आणि ते आम्ही काउंटरवाले बघत असतो. आम्हाला कधी फोन करून विचारलंत? नंबर प्रत्येक बिलावर असतो.

आणि जीन बघून औषध देणं ही काय आज आलेली नवलाई नाही. आमच्या नांदेड-लातूरकडं आर्य वैश्य समाज बराच आहे. पिढ्यानपिढ्या समाजातल्या समाजात लग्नं झाल्यामुळं त्यांच्यात एक एन्झाइम, ब्यूटिरिलकोलिनएस्टरेज, नसण्याचं प्रमाण जास्त आहे. एरवी काही फरक पडत नाही, माणूस ठणठणीत. पण भूल देताना स्कोलिन, हे स्नायू सैल करायचं औषध, दिलं की ते जे पाच-दहा मिनिटात उतरायला पाहिजे ते काही तास उतरत नाही, तेवढा वेळ श्वास मशीनवर. तुमच्याकडं शॉक देताना हेच स्कोलिन वापरतात, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय शॉक द्यायला बंदीच घातलीय, ते योग्यच आहे. अनुभवी भूलतज्ज्ञ आडनाव बघून, गाव विचारून, घरात कुणाला भूल उतरायला उशीर झाला होता का विचारून, शंका आली तर एन्झाइमची साधी रक्ततपासणी करून दुसरं औषध वापरतात. काडी नाही, कुरिअर नाही, मेंदूचं चित्र नाही. मला ही पद्धत आवडते, कारण यात प्रश्न आधी ठरतो आणि टेस्ट मागनं येते.

तर मागणं एवढंच की पॅनेल लिहायच्या आधी स्वतःला विचारा, रिपोर्ट असा आला तर मी काय बदलणार आणि तसा आला तर काय? उत्तर दोन्हीकडं सारखंच असेल तर त्या माणसाचे १८ हजार राहू द्या, त्यात ताईची किती वर्षांची गोळी येते याचा हिशोब माझ्याकडं आहे, ऐकवत नाही. चार औषधं करून थकलेला पेशंट असेल, साध्या डोसलाही फार त्रास होत असेल, तर करा, जरूर करा, मी स्वतः सॅम्पल पॅक करून देईन. पण रिपोर्ट आधी पेशंटच्या मोबाईलवर आणि बारा दिवसांनी तुमच्या टेबलावर, हा उलटा कारभार बंद करा. आणि जुनी फाईल मागा. लिथियम, ही मूड सांभाळायची गोळी, खाणाऱ्यांची रक्तातली लेव्हल, किडनी आणि थायरॉइडची तपासणी वेळेवर होत नाही, सहा सहा महिने पुढं ढकलतात, कारण पैसे नाहीत म्हणतात, आणि त्याच घरातनं जीन टेस्टसाठी सोनं मोडलेलं मी बघितलंय. जीनचा मान रक्ताच्या साध्या रिपोर्टला मिळत नाही, आणि तो मान द्यायला शिकवणं तुमच्या हातात आहे.

एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे काय, माझी मलाच. मला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय आणि मी रोज क्लोपिडोग्रेल, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनची गोळी, खातो. ही गोळी चालू व्हायला तेच सीवायपी२सी१९ लागतं, मंद माणसात ती नीट जागीच होत नाही, २०१० पासून एफडीएचा काळ्या चौकटीतला इशारा आहे. ताईच्या दोन्ही प्रती मंद म्हणजे आई आणि वडील दोघांकडं एकेक मंद प्रत असणारच, आणि त्याच आई-वडिलांचा मी मुलगा. म्हणजे त्या २६ पानांतली सगळ्यात तातडीची ओळ कदाचित ताईसाठी नव्हतीच, माझ्यासाठी होती, आणि कुणी घरच्यांना ते सांगितलं नाही. मी रिपोर्ट घेऊन माझ्या हार्टच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी चष्मा वर केला, नववं पान वाचलं, म्हणले हे तर मानसोपचारवाल्यांचं आहे. मग परत वाचलं. आता माझी टेस्ट पाठवलीय, एकाच जीनची.

ताईची ५ परत चालू झाली, नांदेडच्या एका डॉक्टरांनी जुनी फाईल बघून केली. सवा दोन महिने लागले. परवा भावोजींशी जोरात भांडण झालं असं भाची सांगत होती.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
काउंटरच्या अलीकडचा एक जण

ता. क. : पॅनेलवाला पोरगा गेल्या आठवड्यात परत आला होता. मी विचारलं, रिपोर्ट मराठीत मिळेल का. म्हणला, सर पुढच्या वर्षी आमचं अ‍ॅप येतंय, त्यात सगळ्या भाषा आहेत. मी म्हणलं अ‍ॅप नको, मराठीत एक पान दे, आणि लाल रंग काढ त्यातला. ते त्यानं डायरीत लिहून घेतलं.